कारखान्याचा बंब आणि धामणटेकची होळी

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. माझ्या टपावर चढा, घंटेच्या रिकाम्या खुंटीला लोंबकळा, माझी हरकत नाही. पण मी साधाभोळा म्हातारा आहे, आग विझवल्याच्या गोड गोष्टी सांगेन, असं समजून आला असाल तर फसलात. माझ्या पोटात गोड काही उरलं नाही. जे आहे ते कडू आहे, आणि ते आज ओकून टाकणार आहे.

सध्या माझा मुक्काम नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडे, एका भंगारवाल्याच्या आवारात आहे. शेजारी फुटके बॉयलर, मोडकी मळणीयंत्रं आणि एका एसटीचं नुसतंच तोंड. जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना तोटा नाही. आज ना उद्या माझा नंबर लागेल आणि मी कुणाच्या तरी स्लॅबमधली सळई होईन. जन्मभर आग विझवली आणि शेवट भट्टीत! असू द्या. लोखंडाला त्याचं काय वाटायचं?

एक्याऐंशी साली माझा जन्म झाला. सांगाडा ट्रकचा, बाहेरगावाहून आलेला. अंग मात्र अस्सल जालन्याचं, मस्तगडच्या एका मिस्त्रीनं पत्रा ठोकून केलेलं. त्यानं माझी टाकी जोडली, काठोकाठ भरली आणि दुसऱ्या दिवशी खाली वाकून माझ्याखालची माती हातानं चाचपली. माती कोरडी लागली तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग लाल रंग चढला, कपाळावर पितळी घंटा बसली आणि मी वाटूरच्या पलीकडच्या एका साखर कारखान्यात नोकरीला लागलो. कारखान्याचं नाव विचारू नका. त्याच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा आता गळून पडली आहेत, ती मी कशाला परत चिकटवू?

माझा ड्रायव्हर धर्मराज. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. मला 'लाल्या' म्हणायचा आणि चढ लागला की शिव्या द्यायचा. पाइपाचं तोंड धरायला तातेराव. दांडगा गडी, पण बोलणं कमी. तोंडात कायम सुपारीचं खांड, दुसरं व्यसन नाही. आणि पाइप सोडायला-गुंडाळायला कडूबा. तो वाटूरच्या बौद्धवाड्यातला, तिघांत लहान. कडूबा पाइप असा गुंडाळायचा की एक घडी मुरडायची नाही. तातेराव त्याला सारखा रागवायचा आणि डब्यातली अर्धी भाकरी न विचारता त्याच्यापुढं सरकवायचा.

काय दिवस होते ते! ऊस पेटला की आम्ही. कडब्याची गंजी पेटली की आम्ही. कुणाच्या घराचं माळवद धुमसलं की आम्ही. टाकी संपली तर जवळच्या विहिरीत माझी सोंड सोडायची आणि पुन्हा सुरू. "बंब आला, बंब आला!" म्हणत पोरं धूळ उडवत मागं पळायची. आग विझली की बाया माझ्या चाकाला हळदकुंकू लावायच्या. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू? मधल्या काळात साहेबांच्या बंगल्याची हिरवळ भिजवायची, त्यांच्या पाहुण्यांच्या मांडवापुढची धूळ बसवायची, असली हलकी कामंही माझ्या नशिबी आली. धर्मराज तेव्हा दात खाऊन म्हणायचा, "लाल्या, आपुन बंब हाओत का झारी?"

आता धुऱ्याची गोष्ट सांगतो. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्या भागात फाल्गुनात धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवतात. उंदीर-साप पळतात, पुढचं गवत जोमानं येतं, असं लोक मानतात. पण त्यालाही एक रीत होती. सकाळच्या पारी, वारा उठायच्या आत पेटवायचं. कडुलिंबाचे ओले डहाळे घेऊन चार माणसं उभी करायची. आणि काडी ओढायच्या आधी शेजारच्या वावरात हाळी द्यायची, "धुरा लावून राह्यलो रे!" ती हाळी ऐकली की शेजारी हातातलं काम टाकून यायचा. भांडण असलं तरी यायचा.

धामणटेक गावचा सरपंच सर्जेराव. आमच्या कारखान्याच्या चेअरमनचा व्याही, त्यामुळं त्याची मान सहसा खाली यायची नाही. त्याचं आणि शेजारच्या वावरवाल्याचं वाजलेलं होतं. आता त्याला हाळी कोण देणार? सरपंचानं हाळी द्यायची? शेजाऱ्याला बोलवायचं? छे! शहाण्णव साली, होळी तोंडावर आली असताना, भर दुपारी, वारं भणाणत असताना या माणसानं मोटारसायकल थांबवली, धुऱ्याला काडी लावली आणि जेवायला घरी निघून गेला. खळ्यावर बसलेल्या निम्म्या गावानं ते डोळ्यांनी पाहिलं. कुणी ओरडलं नाही. सरपंचाला कोण ओरडतो?

धुऱ्याच्या टोकाला वनीकरणाची टेकडी. वर कंबरभर कुसळी गवत, सगळं वाळून खडंग झालेलं. आम्ही पोचलो तेव्हा टेकडीची एक बाजू पेटून उठली होती आणि गावातली माणसं डहाळे घेऊन धावत होती. "सर्जेरावनं धुरा लावला अन् गेला!" जो तो हेच ओरडत होता. मी ऐकलं. धर्मराजनं ऐकलं. हे नीट ध्यानात ठेवा.

टेकडीच्या पायथ्याला नाला होता. माझी चाकं तिथं अडली. तातेराव आणि कडूबानं पाइपाला पाइप जोडला आणि दोघं चढायला लागले. वर होळीसाठी गवऱ्या वेचायला गेलेल्या बाया होत्या. त्या पाट्या टाकून धावत खाली आल्या, आणि त्यातली एक छाती पिटत म्हणाली, "साळूमाय वरच राह्यली! तिचे पाय चालंना गेलेत!"

साळूबाई म्हणजे सर्जेरावाची आई. हो, त्याचीच आई.

धुरात काही दिसत नव्हतं. मग धुरातून तातेराव बाहेर आला, पाठीवर म्हातारी. वर थांबलेला कडूबा मागून पाण्याचा फवारा धरून त्यांची वाट मोकळी ठेवत होता. तातेरावनं म्हातारीला माझ्या पायदानावर बसवलं, तिच्या तोंडाला पाणी लावलं आणि वळला.

"तात्या, नको जाऊ!" धर्मराज किंचाळला. "वारं फिरलं!"

"कडू वरच हाये की," तातेराव म्हणाला आणि गेला.

वारं खरंच फिरलं होतं. आग वळसा घालून खालच्या बाजूनं आली आणि तिनं आधी माझा पाइप धरला. मित्रांनो, ते मी कसं सांगू? माझा पंप धडधडत होता. मी पाणी ढकलत होतो, ढकलत होतो, आणि ते सगळं पाणी अर्ध्या वाटेत जळक्या पाइपातून जमिनीत जिरत होतं. वर त्या दोघांपर्यंत थेंब पोचत नव्हता. धर्मराज माझ्या दाराला डोकं आपटत होता. आग शमल्यावर लोक वर गेले तेव्हा दोघं एकाच खडकाच्या आडोशाला सापडले. तातेरावचा हात कडूबाच्या डोक्यावर होता.

त्या दिवशी धामणटेकात चूल पेटली नाही. वाटूरची दुकानं कुणी न सांगता बंद झाली. दोघांना माझ्याच पाठीवरून नेलं, आणि मागं एवढी माणसं चालली की धुळीत रस्ता दिसेना. तातेरावला अग्नी दिला, कडूबाला त्यांच्या रीतीनं वंदना म्हणून निरोप दिला, आणि गाव दोन्हीकडं गेलं. गावानं ठरवलं की हे आपल्यासाठी गेले, म्हणजे आपल्याच घरातले गेले. वर्षाचा दुखवटा धरायचा, यंदा होळी नाही. होळीसाठी चौकात रोवलेला एरंड तसाच उभा वाळून गेला. तातेरावची बायको कांताबाई कारखान्याच्या चाळीत राहायची. धामणटेकच्या बाया रोज चालत तिच्या दारी भाकरी-पिठलं घेऊन यायच्या, तिच्या लेकीची वेणी घालायच्या आणि तिच्या गळ्यात पडून रडायच्या. ते रडणं खरं होतं. ते मी खोटं म्हणणार नाही. म्हणूनच तर पुढचं मला माफ करता येत नाही.

चौकशीला सरकारी साहेब लोक आले आणि सगळ्या गावाची दातखीळ बसली. आग कशी लागली? "बांबूवर बांबू घासला साहेब, वनवा लागला." अहो, त्या टेकडीवर बांबू औषधाला नव्हता! साहेबांनीही वर चढून बघण्याची तसदी घेतली नाही, सर्जेरावाच्या घरचा चहा घेतला आणि गेले. मग ती माणसं मेली कशी? तेव्हा सर्जेरावाच्या बैठकीतून एक कुजबुज निघाली. ते दोघं म्हणे पिऊन होते. शुद्ध नव्हती, म्हणून आगीत घुसले. बघा कसा हिशेबी घाणेरडेपणा! मेलेले दारूनं मेले म्हटलं की आग कुणी लावली हे विचारायला कारणच उरत नाही.

आणि ही कुजबुज वाहिली कुणी? त्याच गावानं. सकाळी पिठलं घेऊन यायचं, आणि परत जाताना वाटेत, "लई चांगला होता गं, पन पेला होता म्हनं." थू! उसाच्या मळीची घाण मी वर्षानुवर्षं हुंगली, पण असला वास मला कधी आला नव्हता.

कारखान्यात वरच्या साहेबांनी धर्मराजला बोलावून सांगितलं की तोंड उघडलंस तर उद्यापासून गेट बंद. त्याच्या घरात खाणारी तोंडं बक्कळ. तो गप्प बसला. शेडमध्ये माझ्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडायचा आणि गप्प बसायचा.

एके दिवशी दुपारी कांताबाई शेडमध्ये आली. सोबत कडूबाची आई चांगुणाबाई होती.

"भाऊ, खरं सांगा," कांताबाई म्हणाली. "पेले होते का हे?"

धर्मराज तिच्याकडं बघेना. "वहिनी, सुपारीबिगर त्याच्या तोंडात मी कधी काय पाह्यलं न्हाई. अन् कडू तर माझ्यासमोर बिडी बी लपवायचा."

"मंग बोलत का न्हाई तुमी?"

तेव्हा तो सगळं बोलला. धुरा, काडी, बांबू, गेट. सगळं. चांगुणाबाई खाली बसली. "पोरगं गेलं ते गेलं," ती म्हणाली, "पन मेल्यावर बी त्याच्या तोंडाला वास लावला ह्या लोकायनं? कसली जात ही मानसाची?"

कांताबाई उभीच होती. "माझ्या पोरीला शाळेत चिडवून राह्यलेत, तुझा बाप पिऊन मेला म्हून. ती जेवंना झाली. मला दुसरं काय बी नको, भाऊ. ज्यानं काडी लावली त्यानं चार मानसांत कबूल करावं, अन् ह्या दोघांवरचा डाग पुसावा. बस."

त्या दोघी धामणटेकात घरोघर फिरल्या. धर्मराज मला घेऊन विहिरींवर पाणी भरायला जायचा तेव्हा रस्त्यात त्या उन्हातून चालताना दिसायच्या. प्रत्येक दारात त्यांना पाणी मिळालं, बसायला पोतं मिळालं, डोळ्यांत पाणीसुद्धा मिळालं. आणि प्रत्येक दारात एकच उत्तर. "बाई, झालं ते झालं. मेलेली मानसं वापस येतेत का?" साळूबाईच्या दारात तर त्यांना उभंच केलं नाही. "मायचं डोकं फिरलंय आगीपासून, कायबी बरळते," सर्जेराव म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

वर्ष फिरलं. होळी आली, आणि होळीच्या मागोमाग पंचायतीची निवडणूक. मग काय, ज्यांना वर्षभर दारुडे म्हटलं ते एका रात्रीत 'शहीद' झाले! चौकात भला मोठा बॅनर लागला. त्यावर तातेराव आणि कडूबाचे दोन चिमुकले फोटो, आणि मधोमध हात जोडलेला सर्जेराव, दोघांच्या चौपट. कारखान्यातून मला मागवलं, धुतलं, झेंडूनं मढवलं आणि नवरदेवाच्या घोड्यासारखं चौकात उभं केलं. धर्मराज चाव्या हातात घट्ट धरून माझ्या बोनेटशी उभा होता. त्याच्या तोंडातून एक शिवीसुद्धा निघत नव्हती, यावरून समजा.

दुखवटा सुटल्याशिवाय होळी पेटवता येत नव्हती. रीत अशी की मयताच्या घरच्यांच्या हातावर पहिला गोड घास ठेवायचा. तो त्यांनी खाल्ला की दुखवटा सुटला. म्हणून कांताबाई आणि चांगुणाबाईला सन्मानानं बोलावलं होतं. दिवस मावळायला आला होता. पुरणपोळीचं ताट सर्जेरावाच्या हातात. आधी त्यानं भाषण ठोकलं, रुमालानं कोरडे डोळे पुसले, आणि मग ताट घेऊन कांताबाईपुढं आला.

"घ्या वहिनी. गावाची इच्छा हाये."

कांताबाईनं हात पुढं केला नाही. "घेते," ती म्हणाली. "न घ्यायला काय झालं? तुमच्या गावच्या भाकरीवर मी जगले. पन ज्यानं धुऱ्याला काडी लावली त्याच्या हातचा घास घेईन. तो कोन हाये त्यानं ताट धरावं."

सर्जेरावाच्या हातात ताट होतं! पुढं केलं तर कबुली, मागं घेतलं तर होळी राहिली. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. त्यानं हसल्यासारखं केलं आणि ताट शेजारच्या पोलीस पाटलाच्या हातात कोंबलं. "तुमी द्या पाटील, वडीलधारे हाव."

पाटलानं विस्तवाला हात लागल्यासारखं ते सोसायटीच्या चेअरमनकडं सरकवलं. त्यानं मास्तरांकडं. मास्तरांनी भजनी मंडळाच्या म्होरक्याकडं. ते ताट गावभर फिरलं हो! ज्याच्या हातात जाई तो पुढच्याला देई, आणि ज्याच्यापुढं येई तो मागं सरके. मतं मागणारे, पिठलं आणणाऱ्या, खळ्यावरून बघणारे, सगळे. कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणे! मग हात का चोरत होता? पुरण निवून गेलं आणि ताट फिरतच राहिलं.

"हे बघा," चांगुणाबाई म्हणाली. "सुतक-बितक आम्ही पाळत न्हाई. ते कवाच सोडलं आम्ही. पन तुमचं तर एवढं कडक हाये ना? मंग सोडवा की आता."

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून काठी टेकत साळूबाई आली. पायांवर त्या आगीत भाजल्याचे डाग. सर्जेराव ओरडला, "हिला कोन आनलं इकडं? माय, घरी चाल!"

"गप ऱ्हाय." म्हातारीनं काठी टाकली आणि ताट दोन्ही हातांनी धरलं. "बाई, काडी माझ्या पोटच्यानं लावली. हाळी न देता लावली. माझ्याच तोंडावर सांगितलं त्यानं, अन् घरात कोंडलं मला वरीसभर. म्या वेडी न्हाई."

"अन् तुमी!" ती गावाकडं वळली. "पेला होता म्हंता? त्याच्या पाठीवर बसून आले मी. त्याच्या मानंपाशी माझं तोंड होतं. दारूचा वास मला कळत न्हाई का? माझा मालक त्याच्यातच गेला! सुपारीचा वास येत होता त्या लेकराच्या तोंडाला, सुपारीचा! अन् त्या दुसऱ्यानं पानी धरलं म्हून मी जित्ती हाय. माझ्यापायी गेले ते. घे बाई. माझ्या हातचं चालत आसंल तर घे."

कांताबाईनं ओंजळ केली. साळूबाईनं घास ठेवला, एक तिच्या हातावर, एक चांगुणाबाईच्या. दोघींनी तो उभ्यानंच खाल्ला. कांताबाई खाताना रडत होती आणि म्हातारीनं तिचं तोंड आपल्या पदरानं पुसलं.

दुखवटा सुटला. आता होळी पेटवायची. तो मान सरपंचाचा. सर्जेरावाचा हात सवयीनं खिशात गेला आणि काडेपेटी घेऊन बाहेर आला. सगळं गाव त्या हाताकडं बघत होतं. तो हात तसाच राहिला, ना पुढं जाई ना खाली येई. शेवटी काडेपेटी हातातून गळून पडली आणि ती उचलायला एक माणूस वाकला नाही. बाया आधी गेल्या, मग पुरुष. त्या वर्षीही धामणटेकची होळी पेटली नाही.

सर्जेरावाचं पुढं काय झालं, विचाराल. काही झालं नाही. निवडणुकीत तो निवडून आला, तोच सर्जेराव, तीच माणसं, तीच मतं! मला तेव्हा पुन्हा एकदा शिसारी आली. पण कांताबाईच्या लेकीला त्यानंतर कुणी चिडवलं नाही, आणि ती जेवायला लागली असं धर्मराजनं मला सांगितलं. कारखाना बुडाला, धर्मराज गावी गेला, मी इथं आलो. माझ्या टाकीत चिमण्या घरटी करतात आणि मी त्यांना काही बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावच्या बंबाची निगा राखा. त्याचा पाइप कुजू देऊ नका, टाकी कोरडी ठेवू नका, त्याच्या माणसांना हलक्या कामांना जुंपू नका. काडी ओढण्याआधी वारं बघा आणि शेजाऱ्याला हाळी द्या, मग तो वैरी का असेना. एवढं करूनही आग लागेल. आगीचा स्वभावच तो. ती विझवायला तातेराव आणि कडूबासारखी माणसंही मिळतील, जगात ती अजून आहेत. पण 'मी लावली' एवढे दोन शब्द बोलायला अख्ख्या गावात एका भाजलेल्या म्हातारीला, आणि तेही स्वतःच्या पोराच्या बदली, उभं राहावं लागू नये.